पिळलेला पदर

१९७२ सालच्या गणपतीत शकुंतलाबाई पोवारांचं रडणं गजा तांदळ्याकडे राहायला गेलं.

कोल्हापुरात तयार होणाऱ्या चित्रपटांत शकुंतलाबाईंसारखं रडणारी दुसरी नटी नव्हती. त्यांनी पदर दातांत धरला की थिएटरातल्या बायका आपापले पदर शोधू लागत. गजा हा ऑर्केस्ट्रातला नकलाकार. त्या वर्षी तो लुगडं नेसून स्टेजवर आला, पदर दातांत धरून थेट बाईंसारखा रडला आणि मग तोच पदर त्यानं बादलीत पिळला. आत ओला स्पंज लपवला होता. मांडव हसून लोळला. पहिल्या रांगेत पाहुण्या म्हणून बसलेल्या बाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. "वन्स मोअर!" त्याच ओरडल्या.

दुसऱ्या वेळी स्पंज कोरडा होता. तरी बादली काठोकाठ भरली. पाणी खारट होतं.

तेव्हापासून बाईंचे डोळे कोरडे पडले. जुन्या चित्रपटांतसुद्धा त्या रडण्याच्या जागी नुसत्या उभ्या दिसू लागल्या. लोक तिथंही हसत.

मुलीचं, नलूचं, लग्न ठरलं तशा बाई गजाकडे गेल्या. घरात गुडघाभर पाणी होतं. गजाची बायको खाटेवर चूल मांडून भाकऱ्या थापत होती.

"गजा, पाठवणीपुरतं तरी दे. पोरगी म्हणेल, आईला काहीच वाटलं नाही."

"बाई, मला काय ठेवून घ्यायची हौस हाय व्हय? झोपंतबी पिळतोय. परत कसं द्यायचं, ठावं न्हाई. मीच येतो की."

पाठवणीला तो लुगडं नेसून आला. बाईंच्या मागं उभा राहून त्यांच्या वतीनं रडला. अगदी मनापासून रडला. पण त्यानं पदर दातांत धरला मात्र, वऱ्हाड खदखदून हसायला लागलं. भटजी हसले. नलूही हसली.

"आई, पुरे गं, पोट दुखायला लागलं!" म्हणत ती मोटारीत बसली.

नलू नागपूरला सुखानं नांदली. आईची आठवण निघाली की तिला हसू फुटायचं, तिच्या मुलांनाही. माहेरी मात्र ती फारशी आली नाही. आई मजेत आहे, असं ती सगळ्यांना सांगायची.

गजा म्हातारा होऊन गेला. चितेवरही त्याचे डोळे वाहत होते, लाकडं पेट घेईनात. त्याच्या बायकोनं रिकामी बादली आणून बाईंपुढं ठेवली.

"तुमचं तुम्ही घ्या आता. त्यांना जाऊ द्या."

बाईंनी पदर दातांत धरला. मागं कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणीतरी. बाई दोन्ही हातांनी पदर पिळू लागल्या. बऱ्याच वेळानं टोकाशी एक थेंब आला, लोंबकळत राहिला, पडेना.