कुरजी तांडेलचं गळकं इंजिन

कुरजी तांडेलच्या बोटीचं इंजिन गळतंय, हे अख्ख्या मांगरोळ बंदराला ठाऊक होतं. कुठून गळतंय तेवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बोटीचं नाव 'वहाणवटी'. इंजिन म्हातारं. आधी कुठल्याशा घाटात ट्रक ओढायचं, मग कुरजीच्या बापानं ते बोटीत बसवलं. कुरजी त्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, आणि मी भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. माझी चूल इंजिनखोलीच्या डोक्यावरच आहे. त्यामुळे माझ्या रोटल्याला डिझेलचा वास येतो आणि इंजिनावर माझं पीठ सांडतं. दोघांनीही कधी तक्रार केलेली नाही.

पूर्वी नुसते थेंब पडायचे. यंदा नाळियेरी पूनमेची, म्हणजे नारळी पौर्णिमेची, पूजा झाली, बोट पाण्यात उतरली, इंजिन चालू केलं, तर बोटीच्या तळातल्या पाण्यावर ऑइलचा जाड थर साचला. लखमण खलाशी खाली वाकून बघून आला आणि सरळ तांडेलसमोर उभा राहिला.

"कुरजीभाई, भर दर्यात ऑइल संपलं तर इंजिन जाम होणार. मग वाहत वाहत कराची. तिकडचा तुरुंग माझ्या काकानं बघितलाय, मला नाही बघायचा."

"अरे, असं काही होत नाही."

"उद्याच्या भरतीला सगळ्या बोटी निघतायत. तोवर गळती थांबली तर आम्ही तुमचे. नाही थांबली तर आम्ही पाचही जण वशरामच्या बोटीवर."

वशराम शेजारच्याच बोटीच्या काठावर बसून रकाबीतून चहा पीत होता. त्याचं इंजिन नवं होतं, शर्ट पांढरा होता, आणि खलाशी कमी होते. त्यानं लखमणकडे बघून रकाबी जराशी उंचावली.

कुरजीचं तोंड उतरलं. ऐन मोसमाच्या तोंडाला खलाशी गेले की तांडेल म्हणजे बोटीचा वॉचमन. त्यानं खीमजी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

खीमजी मिस्त्रीला एकच गोष्ट येत नसे, ती म्हणजे "माहीत नाही" असं म्हणणं. तो आला, डोळे मिटून इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय."

"मिस्त्री, इंजिन बंद आहे," मी म्हणालो.

"बंद असलं की जास्त स्पष्ट ऐकू येतं. तू रोटले बघ."

पॅकिंग बदललं. इंजिन चालवलं. वरचं झाकण कोरडं ठाक! कुरजीनं खूष होऊन गांठिया मागवले. पुडा सुटायच्या आत पुढच्या चाकामागून ऑइल ओघळायला लागलं.

"बघितलंत?" मिस्त्री म्हणाला. "घाबरून पुढं पळाली."

पुढचं सील बदललं. मग खालच्या चेंबरमधून गळायला लागलं. चेंबरचे बोल्ट आवळले, तर पंपाच्या जोडातून. मिस्त्रीचा उत्साह वाढतच चालला. "कोंडत आणलीय! आता जाते कुठं?" ती कुठंही जात होती. तोवर काठावर गर्दी जमली. बर्फवाला म्हणाला ऑइल पातळ आहे, जाळी विणणारा म्हणाला जाड आहे, आणि एक जण इंजिनाची दृष्ट काढायला मिरच्या उतरवायला सांगून गेला. मिरच्या मीच उतरवल्या. नंतर त्या आमटीत घातल्या. वाया कशाला घालवायच्या?

शेवटी मिस्त्रीनं फर्मान काढलं, "पावडर आणा. तोंडाला लावायची. इंजिन रॉकेलनं धुवायचं, पुसायचं, वर पावडर मारायची आणि चालू करायचं. जिथं पहिला डाग, तिथं चोर."

ही युक्ती खरोखर चांगली आहे, पण पावडर कुणाची, हा प्रश्न राहतोच. कुरजीनं बायकोचा डबा आणला. तिच्या भावानं दिलेला, गुलाबाच्या वासाचा. इंजिन धुतलं, पुसलं, पावडर मारली. म्हातारं इंजिन पांढरंशुभ्र झालं आणि खोलीत लग्नाच्या मांडवासारखा वास सुटला.

"कर चालू!"

पट्ट्याचा वारा सुटला आणि निम्मी पावडर आमच्या तोंडावर आली. कुरजी, मिस्त्री, लखमण, मी, सगळे भुतासारखे पांढरे.

"कुरजी, वरात कधी निघायचीय?" पलीकडून वशराम ओरडला.

इंजिनावर राहिलेल्या पावडरीकडे आम्ही डोळे लावून बसलो. एक डाग आला. दुसरा आला. मग डाग मोजण्यात अर्थ राहिला नाही. प्रत्येक जोडातून, प्रत्येक बोल्टाच्या बुडातून ऑइल येत होतं. अख्खं इंजिन घामाघूम.

"चोर एक नाही," लखमण म्हणाला. "टोळी आहे." आणि तो आपलं अंथरूण गुंडाळायला लागला.

कुरजी रडायच्या बेतात आला. तेवढ्यात फटकन आवाज झाला आणि ऑइल मोजायची पट्टी आपल्या भोकातून उडून, इंजिनखोलीच्या उघड्या तोंडातून बाहेर पडून, थेट वशरामच्या रकाबीत गेली. चहा आणि ऑइल दोन्ही त्याच्या शर्टावर.

वशराम काय बोलला ते इथं लिहीत नाही. मिस्त्री मात्र पहिल्यांदाच कान न लावता इंजिनावर वाकला. त्यानं ऑइल ओतायचं झाकण काढलं, तसा फस्सकन धूर त्याच्या पांढऱ्या तोंडावर आला आणि मधोमध काळा गोल उमटला.

"अरे, याचा श्वास कोंडलाय! पोटात हवा तुंबलीय, तीच ऑइलला जागा मिळेल तिथून बाहेर ढकलतेय. हवा सोडायची नळी असते. कुठंय ती?"

आम्ही सगळ्यांनी एकाच कोपऱ्याकडे बघितलं. आणि सगळ्यांनीच पटकन दुसरीकडे बघितलं.

नळी होती. तिच्या तोंडावर दर्या राखणाऱ्या सिकोतर मातेची लाल चुंदडी, म्हणजे ओढणी, घट्ट बांधलेली होती. तिच्याखाली गेल्या वर्षीची, तिच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीची. इंजिनाला निळा रंग देताना दर वर्षी त्यांनाही एक हात बसला होता. बुडाच्या चुंदड्या फळीसारख्या कडक झाल्या होत्या. गळती शोधायला खाली उतरलेला प्रत्येक जण आधी तिथं डोकं टेकवायचा आणि मग शोधायला लागायचा. मिस्त्रीसुद्धा.

"कापून टाकू," मिस्त्री हळूच म्हणाला.

"मातेची चुंदडी कापलेल्या बोटीवर मी पाय ठेवणार नाही," लखमण म्हणाला. "वशरामच्या बोटीवर नुसतं काम आहे. इथं वर शापही लागेल."

आमच्याकडे चुंदडी घरातली मोठी बाई बांधते, आणि पहिली मासळी आली की तिला बोटीवर बोलावून तिच्याच हातानं गाठ सोडवायची असते. पण पहिली मासळी आली की माणसं मासळीभोवती जमतात. म्हातारीला कोण बोलावतो? 'वहाणवटी'ची चुंदडी बांधायची कुरजीच्या बापाची बहीण, जमकूफई. कुरजी पावडर लावलेल्या तोंडानंच तिला आणायला धावला.

फई आली. काठी टेकत खाली उतरली, इंजिनाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "नाटक बसवताय की काय?"

"फई, गाठ सोड ना. इंजिनाचं नाक बांधलंयस तू."

"नाक कसलं? सगळ्या लोखंडात तेवढ्याच ठिकाणी ऊन फुंकर लागत होती. म्हटलं, जीव इथं आहे. जीव असेल तिथंच माता बांधायची ना?"

मिस्त्रीनंही मान डोलावली. जागा तिनं अगदी बरोबर ओळखली होती.

"बरं, मग सोड," कुरजी म्हणाला.

"पहिली मासळी आली?"

"फई, बोट निघालीच नाही अजून!"

"मग गाठ कशी सुटेल? इतकी वर्षं मासळी आली, कुणी विचारलं का, फई, चल, तुझी गाठ सोडायचीय? एक पापलेट तरी पाठवलंस दाराशी? आता इंजिनाचं पोट फुगलं तेव्हा फई आठवली. मासळी आण, गाठ सोडते." आणि ती माझ्या चुलीशेजारी पिठाच्या डब्यावर बसली.

गाठ सुटल्याशिवाय बोट निघेना, आणि मासळी आल्याशिवाय गाठ सुटेना. कुरजीनं आभाळाकडे बघितलं, लखमणच्या अंथरुणाकडे बघितलं आणि म्हणाला, "जाळं काढा."

"कुठं?"

"इथंच टाका. धक्क्याला."

मांगरोळच्या धक्क्याला कुणी जाळं टाकत नाही. तिथं जे तरंगतं ते कुणी खात नाही. पण आम्ही टाकलं. भर दर्यातलं ते लांबलचक जाळं बंदरातल्या गाळात सोडलं आणि हातांनी ओढायला लागलो. काठावर आता लग्नाएवढी गर्दी. पहिल्या ओढीला चपला आल्या, त्याही एकाच पायाच्या. दुसऱ्या ओढीला वशरामच्या बोटीचा नांगर. वशराम ओरडत उठला, शर्ट आधीच गेलेला. तिसऱ्या ओढीला गाळाचा गोळा आला आणि त्यात डोळे वटारून बसलेली, बोटभर निवटी.

"ही काय मासळी म्हणायची?" वशराम म्हणाला.

फईनं वाकून बघितलं. निवटीनं फईकडे बघितलं.

"हलतेय ना? मग मासळीच." तिनं ती पदरात घेतली. "माझ्या वाट्याची."

मग तिनं गाठी सोडल्या. रंगानं घट्ट बसलेल्या गाठींना जाळं विणायची सुई लावली, शिव्या दिल्या, मधेच पाणी मागितलं. सगळ्यात खालची चुंदडी निघाली तेव्हा तिला नळीचा आकार आला होता. इंजिन चालू केलं. नळीनं एक लांब काळी फुंकर सोडली आणि मग ते म्हातारं संथ लयीत चालायला लागलं. इंजिन पुसून डब्यातली उरलेली पावडर मारली. ती पांढरीच राहिली.

लखमणनं अंथरूण पसरलं.

"पण मोकळी बोट मी जाऊ देणार नाही," फईनं नवी चुंदडी काढली. "जीव कुठंय आता?"

"नळीवर नको!" कुरजी किंचाळला.

इथं खीमजी मिस्त्री गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण काठावर गर्दी होती. त्यानं छाती पुढं काढली. "फई, खरं सांगू? आता या इंजिनात जीव आहे तो माझ्यामुळं."

"असं?" फई म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं त्याच्या मनगटाला चुंदडी बांधली. चांगली करकचून.

"चुंदडी बोटीबाहेर जायची नाही," लखमण लगेच म्हणाला. "मिस्त्री येणार असेल तरच आम्ही येणार."

कुरजीनं मिस्त्रीकडे बघितलं. पाचही खलाशांनी बघितलं. मिस्त्रीनं आयुष्यभर बोटी दुरुस्त केल्या होत्या, पण बंदराच्या तोंडापलीकडे तो कधी गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही निघालो. बंदराचं तोंड ओलांडायच्या आतच मिस्त्री कठड्यावर ओणवा झाला.

"कुरजीभाई," तो मधेच मान वर करून म्हणाला, "पहिली मासळी आली की सोडणार ना ही गाठ?"

"सोडणार की. पण ती फईनंच सोडायची असते."

"आणि फई?"

"घरी आहे."

मिस्त्रीनं पुन्हा मान खाली घातली. मी रोटले थापायला बसलो. मिस्त्रीच्या वाट्याचा रोटला लखमणनं आधीच मागून ठेवला होता.