विलायती खुर्ची, बांधावरची बाभळ

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पाय म्हणाल तर तीन, चौथ्याच्या जागी वीट. डाव्या हातावर शेळीच्या दातांच्या खुणा आहेत. पाठीवर कुठं कुठं अजून काळा रंग टिकून आहे. या काळ्या रंगापुढं एके काळी अख्ख्या गावानं हात जोडले होते. मला तेव्हा लई हसू आलं होतं. लाकडाला हसता येत नाही, म्हणून गावाची अब्रू राहिली.

जन्मानं मी बाभळ. वडवणीपासून कोसभरावर सुग्रीव गाडीवानाच्या बांधावर मी उभी होते. सुग्रीवची बायको कडूबाई शेळ्या राखायची. तिच्या सात शेळ्या माझ्या सावलीला बसायच्या, माझ्या शेंगा खायच्या आणि माझ्याच खोडाला पाठ घासून खाज भागवायच्या. एवढं मानाचं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

तो काळ निजामाचा. गावाचे मालक अर्जुनराव देशमुख. त्यांना दोनशे एकर काळी जमीन होती, घोडा होता आणि एकच दुःख होतं. वरच्या दरबारात गेलं की त्यांना उभं राहावं लागायचं. ज्याला दरबारात बसायला खुर्ची मिळे तो खरा मोठा माणूस, आणि अर्जुनरावांना खुर्ची नव्हती. या दुखण्यानं त्यांना भाकर गोड लागत नव्हती.

हैदराबादच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं हे दुखणं बरोबर हेरलं. त्यानं अर्जुनरावांना पत्र लिहिलं, ते असं. विलायतेत तीनशे वर्षांमागं एक नाटकवाला होऊन गेला, जगात त्याच्यासारखा दुसरा नाही. त्यानं आपल्या परसात स्वतःच्या हातानं तुतीचं झाड लावलं होतं. त्या झाडाची एक खुर्ची माझ्याकडं आहे. इथला एक गोरा साहेब त्या नाटकवाल्यासाठी वेडा आहे, आणि त्याचा शब्द दरबारात चालतो. बस्स, अर्जुनरावांनी खुर्ची न बघताच मागवली.

खुर्ची यायच्या आधी बद्रीनाथ मास्तरांनी गावाला गोळा करून नाटकवाल्याचं चरित्र सांगितलं. मास्तर सोलापुरात इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेले. म्हणजे गावाच्या हिशोबानं विलायतेतच राहून आलेले. ते म्हणाले, हा माणूस हातमोजे शिवणाऱ्याचं पोर. अठराव्या वर्षी आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या बाईशी लग्न केलं. मग बायकापोरं गावी ठेवून राजधानीत पळाला. कुणी म्हणतं, आधी नाटकघराबाहेर लोकांचे घोडे धरायचा. मग सोंगं केली, मग सदतीस नाटकं लिहिली, राणीनं वाहवा केली, आणि पुढं गावात मोठ्ठं घर घेतलं. मरताना बायकोला आपला दोन नंबरचा पलंग लिहून दिला.

इथं कडूबाईनं मान वर केली. "मास्तर, मग पैला पलंग कुणाला दिला?"

मास्तर म्हणाले, यावर मोठमोठे पंडित अजून विचार करतायत.

"त्यात इचार कसला? चांगला पलंग पाव्हण्याला असतो. दुसरा नवराबायकूचा. त्यो तिचाच व्हता."

बायका हसल्या. मास्तर रागावले आणि पुढं सरकले. पण मित्रांनो, गंमत बघा. सदतीस नाटकं लिहिलेल्या माणसाबद्दल गावानं शेवटी विचारलं काय, तर तो कशावर झोपायचा आणि कशावर बसायचा. नाटकात काय आहे हे कुणी विचारलं नाही. मास्तरांनाही विचारलं नाही, हे बरंच झालं. त्यांनी एकही वाचलं नव्हतं.

त्या तुतीची कथाही मास्तरांनी मोठ्या कौतुकानं सांगितली. नाटकवाला मेल्यावर लोक ते झाड बघायला यायचे, फांद्या मोडून न्यायचे. पुढं त्या घराचा नवा मालक पाहुण्यांना इतका कावला की त्यानं झाडच तोडलं. मग एका हुशार माणसानं त्या लाकडाच्या डब्या, पेले, चमचे करून विकले. ते एवढे खपले, की एका झाडात एवढं लाकूड निघालं तरी कसं, असं लोक विचारू लागले. माणसाची अक्कल ही अशी. झाड उभं असताना त्याला ओरबाडायचं, आणि तोडल्यावर त्याच्या ढलप्या उराशी धरायच्या.

रेल्वेनं खुर्ची बार्शीपर्यंत आली. तिथून गाडीतून आणायचं काम सुग्रीवकडं. निघताना अर्जुनरावांनी त्याला वाड्यावर बोलावून बजावलं, "सुग्रीवा, खुर्चीला एक वरखडा जरी उठला ना, तर तुझी बैलजोडी माझ्या गोठ्यात बांधीन."

बैल म्हणजे सुग्रीवचा सारा संसार. त्यानं खुर्चीला गोधडी गुंडाळली, खाली कडबा घातला, लेकरासारखी जपली. मांजरसुंब्यापर्यंत. घाट लागला आणि गड्याच्या डोक्यात किडा वळवळला. एवढ्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसल्यावर कसं वाटतं, हे तर बघावं. त्यानं गोधडी काढली, खुर्ची गाडीच्या मधोमध मांडली, पायावर पाय टाकला आणि विडी पेटवली. खालून येणाऱ्या गाडीवाल्याला त्यानं मानेनंच मुजरा घेतल्याची खूण केली. तेवढ्यात चाक दगडावरून घसरलं. बैल जागेवर राहिले, गाडी जागेवर राहिली, आणि सुग्रीव खुर्चीसकट वीस हात खाली गेला.

सुग्रीवचा गुडघा फुटला. खुर्चीचे अकरा तुकडे झाले.

तो घरी न जाता तडक शेतावर आला आणि म्हाळू सुताराला बोलावणं धाडलं. म्हाळूनं तुकडे उलटसुलट बघितले. खुर्चीची गादी फाटली होती आणि आतून ज्वारीचा भुसा गळत होता. म्हाळू भुसा बोटानं चोळत म्हणाला, "का बे सुग्रीवा, इलायतंत जवारी कवापासून पिकाया लागली?"

म्हणजे ती थोर खुर्ची हैदराबादच्या कुठल्या तरी गल्लीतच जन्मली होती. पण हे सांगून फायदा काय? मालक म्हणणार, खुर्ची मोडलीस ती मोडलीस, वर माझी अक्कलही काढतोस. बैल जाणारच.

"दादा, परवा सांजंपातुर तशीच दुसरी पायजे," सुग्रीव म्हणाला. "माझे बैल वाचव."

म्हाळूनं इकडं तिकडं बघितलं. जवळ उभं असलेलं झाड एकच होतं. मी.

कडूबाईनं लई तोंड सोडलं. तिनं नवऱ्याला विचारलं, घाटात नवाब व्हायची हौस तुझी, आणि सावली जाणार माझ्या शेळ्यांची? म्हाळूनं कुऱ्हाड घातली. मी पडले तेव्हा शेळ्या धावत आल्या आणि माझा पाला खाऊ लागल्या. दुखवट्याला आलेल्या पाहुण्यांनी जेवून जावं तसं.

दोन दिवसांत माझी खुर्ची झाली. पण ओली बाभळ दिसणार गुलाबी, आणि मालकाला हवी होती तीनशे वर्षांची काळी. तेव्हा कडूबाईच पुढं आली. तिनं चुलीचं काजळ खरवडलं, माझाच डिंक पाण्यात भिजवला, दोन्ही घोटलं आणि माझ्या अंगाला चांगले चार हात दिले. वाळल्यावर मी अशी चमकले, की सुग्रीव मलाच नमस्कार करून बसला. जुन्या खुर्चीचे अकरा तुकडे चुलीत गेले. त्या नाटकवाल्याच्या नावावर त्या दिवशी भाकरी मात्र चांगल्या भाजल्या.

पुढचा महिना मी अर्जुनरावांच्या सदरेवर काढला. माझ्यावर कुणी बसायचं नाही, अगदी मालकांनीही नाही, असा हुकूम होता. रोज हार पडायचा, उदबत्ती लागायची. ओलं लाकूड वाळताना तडकतं, तशी मी दुपारच्याला कडाड वाजायचे. मास्तरांनी जाहीर केलं, की नाटकवाल्याचा आत्मा दाद देतोय. झालं. लोक मला कौल लावू लागले. एकदा वाजली तर होय. कुणाच्या म्हशीला रेडी होईल का, कुणाच्या पोरीला स्थळ येईल का, सगळं मला विचारायचे. मी उन्हानं तडकायचे आणि लोक पेढे वाटायचे.

शेवटी तो साहेब आला. चैत्राचं ऊन, अंगात पांढरीशुभ्र विजार आणि पांढरा कोट. अर्जुनरावांनी गालिचे अंथरले होते. सुग्रीव खांबाआड उभा होता. त्याचं लक्ष साहेबाकडं नव्हतं, बाहेर झाडाला बांधलेल्या बैलांकडं होतं. जुन्या खुर्चीसोबत, ती तुतीचीच असल्याचा, व्यापाऱ्याचा शिक्क्याचा कागद आला होता, तो साहेबानं वाचला. घाटात तेवढा एक शाबूत राहिला होता. कागद वाचून साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. लाकडाकडं त्यानं बघितलंही नाही.

आणि मग अर्जुनरावांनी रिवाज पाळला. चांदीची गुलाबदाणी घेतली आणि साहेबावर गुलाबपाणी शिंपडलं. साहेबावर थोडं, माझ्यावर भरपूर. वर म्हणाले, बसा. महिनाभरात माझ्यावर बसणारा तो पहिला माणूस.

बसला. पानसुपारी झाली, मास्तरांचं तीन पानी भाषण झालं. साहेब उठला, तर मीही उठले. त्याच्या बुडाला चिकटून मी सदरेवर अधांतरी लटकत होते. साहेब गोल फिरला, मीही फिरले. अर्जुनरावांनी माझे पाय धरले, मास्तरांनी साहेबाचे हात धरले, आणि दोघांनी ओढलं. फाडकन आवाज झाला. मी इकडं, साहेब तिकडं. पांढऱ्या विजारीवर माझ्या बैठकीचा काळाकुट्ट छाप उमटला होता.

अर्जुनरावांनी नुसतं वळून सुग्रीवकडं बघितलं. साहेबानं मागं हात लावला, काळं बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "ये क्या है?"

तेव्हा दाराशी उभ्या बायकांतून कडूबाई बोलली. तिला आता कंटाळा आला होता.

"काजळ न् डिंक हाय. शाई. मीच घोटली."

मास्तरांच्या इंग्रजीत त्यातला एकच शब्द मावला. ते म्हणाले, इंक, शाई.

साहेबाचा चेहरा उजळला. शाई! त्या महापुरुषाची शाई! लिहिता लिहिता सांडली असेल, झिरपली असेल, आणि तीनशे वर्षांनी आपल्या विजारीवर उमटली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मागं छाप घेऊन तो तसाच घोड्यावर चढला, आणि जपून, बूड अधांतरी धरून, गावाबाहेर गेला. ती विजार त्यानं काचेच्या पेटीत ठेवली म्हणतात. लोक रांगेनं बघायला यायचे आणि डागात अक्षरं शोधायचे.

साहेब खूश झाला, म्हणून अर्जुनरावांनीही कडूबाईचं बोलणं कानाआड केलं आणि बैल वाचले. कडूबाईला खोटं बोलावंच लागलं नाही. तिनं खरं सांगितलं, तरी काही बिघडलं नाही.

महिन्यानं अर्जुनरावांना दरबारातून कागद आला. साहेबांच्या शिफारशीवरून त्यांना पहिल्या रांगेत उभं राहायची परवानगी देण्यात येत होती. उभं राहायची. अर्जुनरावांनी रागानं मला अशी लाथ घातली, की माझा पाय मोडला. सुग्रीवला सांगितलं, नेऊन जाळ.

त्यानं मला जाळलं नाही. कडूबाईनं वीट लावली आणि मला पुन्हा त्याच बांधावर आणून ठेवलं. तिथं माझा बुंधा होता, आणि भोवती शेळ्यांच्या लेंड्यांतून माझ्याच शेंगांची तीन रोपं उगवली होती. दुपारी कडूबाई माझ्यावर बसून त्या रोपांवरून शेळ्या हाकलायची. झाडाची ती एकच काळजी मी आयुष्यात बघितली. हार घालणाऱ्यांनी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, झाडाला ते उभं असताना जपा. मोठा माणूस त्याच्या खुर्चीत सापडत नसतो, त्यानं लिहिलेलं उघडून बघावं लागतं. आणि कुणी एखाद्या थोर खुर्चीपुढं तुम्हाला हात जोडायला लावलं, तर आधी नुसतं एक बोट लावून बघा. बोट काळं झालं, तर दाराशी उभ्या बाईला विचारा. ती खरं तेच सांगेल. तुम्ही तेवढं सगळं ऐकून घ्या.