शेवटचे सहा आकडे

माझ्या दुकानात गिऱ्हाईक आधी खोटं बोलतं, मग लॅपटॉप बाहेर काढतं. "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला," आणि की-बोर्डातून चहा गळत असतो. मी तोंडावर विचारते, साखर किती होती. क्रांती चौकामागच्या बोळात लुबना म्हटलं की लोक आधी माझी जीभ आठवतात, मग माझा हात. दुकान माझ्या हवाली करताना अब्बांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: मशीन मालकाच्या डोळ्यांसमोर उघडायचं, आणि होण्यासारख्या कामाला नाही म्हणायचं नाही. सतरा वर्षं मी दोन्ही पाळल्या. दुसरी एकदा मोडली. मुद्दाम मोडली.

मागच्या हिवाळ्यात खुलताबादकडून एक म्हातारं जोडपं आलं. पुंजारामकाका आणि त्यांची बायको द्वारकाबाई. काकांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. मधोमध वाकलेला, पडद्याचा चुरा झालेला.

"आमच्या गोकुळचा हाय," काका म्हणाले. "वाळूजला कंपनीत व्हता. मोटरसायकलीवर घरी येताना गेला. पाठीवर ही बॅग व्हती. चार दिसांनी वर्षश्राद्ध हाय. ह्याच्यात त्याचं व्हिडिओ हायेत म्हणत्यात."

"मला त्याचा आवाज पायजे," द्वारकाबाई म्हणाल्या. "तोंड फोटूत दिसतं. आवाजच आठवंना झालाय. लई ध्यान लावून बसते, पण कानात येतच नाय, लेकी."

लेकी म्हणाल्या आणि मी विरघळले, हे कबूल करते. चहा मागवला. दोघांना स्टुलावर बसवून त्यांच्यासमोर मागचं झाकण उघडलं. बाकी सगळ्याचा चेंदामेंदा झाला होता, पण एसएसडी, म्हणजे सगळं साठवून ठेवणारी चिप, शाबूत होती. च्युइंगमच्या पट्टीएवढी ती हिरवी चिप मी तळहातावर ठेवली, तेव्हा काका म्हणाले, "एवढुशात माझा पोरगा मावला व्हय?"

मी ॲल्युमिनियमची एक डबी घेतली, चिप आत सरकवली, वर उष्णता शोषणारी निळी पट्टी चिकटवली, बारका स्क्रू पिळला. पाच मिनिटांचं काम. आता ही डबी वायरीनं कुठल्याही कॉम्प्युटरला जोडायची, की आतलं सगळं दिसतं. मी मोठ्या दिमाखात ती माझ्या मशीनला जोडली.

मशीननं किल्ली मागितली.

हल्लीचे लॅपटॉप मालकाला न विचारताच चिपला कुलूप घालतात. ती आपल्या लॅपटॉपात असेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. दुसरीकडे नेली की अठ्ठेचाळीस आकडे मागते, सहा-सहाचे आठ गट. ते आकडे मालकाच्या इंटरनेटवरच्या खात्यात असतात, आणि ते खातं त्याच्या मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय उघडत नाही.

"मोबाइल कुठाय त्याचा?" मी विचारलं.

काकांनी बायकोकडे बघितलं. द्वारकाबाई दाराकडे बघत होत्या.

"हिनं फोडला," काका म्हणाले. "तिसऱ्या दिशी, वरवंट्यानं, सगळ्या भावकीपुढं. शेवटचा फोन सुनंचा व्हता ना त्याच्यावर. गाडी चालवताना त्यानं तो उचलला अन् टँकरखाली गेला. सिमकार्डाचा बी भुगा झाला. म्या पुन्यांदा नंबर चालू केलाच नाय. आता त्यो दुसऱ्याच कुणाला तरी लागतोय."

दु:खात माणूस भिंतीवर डोकं आपटतं. या बाईनं पोराच्या आवाजाची एकुलती एक किल्ली ठेचली होती, आणि तिला ते आत्ता, माझ्या स्टुलावर बसून कळत होतं.

काका खालच्या आवाजात म्हणाले, "सुनंला ठावं असंल. मागं एकदा लॅपटॉप असाच अडला व्हता. त्यानं मोबाइलात बघून आकडे सांगितले अन् श्रेयानं वहीत लिवून घेतले. म्या बघितलंय." त्यांच्या पाकिटात एका चिठ्ठीवर सुनेचा नंबर होता. वर्षभर बायकोपासून लपवून ठेवलेला.

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. श्रेयानं ऐकून घेतलं. मग वहीची पानं वाजली.

"लिहा," ती म्हणाली.

ती सावकाश वाचत होती, मी टाइप करत होते. एक गट, दोन गट. द्वारकाबाई हात जोडून पडद्यासमोर उभ्या होत्या. सात गट झाले आणि श्रेया थांबली.

"एक राहिला," मी म्हणाले.

"माहितीये. आत्याबाई आहेत ना तिथं?" तिचा आवाज अगदी शांत होता. "आत्याबाई, तेराव्याच्या पंगतीत तुम्ही सगळ्यांपुढं म्हणालात, गाडीवर फोन करून हिनं नवरा खाल्ला. मी भरल्या पानावरून उठले अन् एका पिशवीवर माहेरी आले. त्यांना फोन लावायला मला कुणी सांगितलं होतं, तेवढं आता मामांसमोर बोला. सहा आकडे लगेच देते."

काका वळले. द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. आयुष्यभर ऐकायला मिळेल असा पोराचा आवाज एका वाक्याच्या अंतरावर होता. मला वाटलं, आई आहे, बोलेल.

"म्या नाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "तूच लावला. तुलाच दम नव्हता."

"बरं," श्रेया म्हणाली आणि फोन ठेवला.

काकांनी मला विचारलं, "दुसरी काही वाट नाय का, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

वाट होती. त्या गटांना गणिताचा एक नियम असतो, त्यामुळे सहा आकड्यांतले बहुतेक जोड आपोआप बाद होतात. उरलेले प्रोग्रॅम लावून तपासले तर दोन दिवसांत कुलूप निघतं. मला येतं ते. सून वळलीच तर म्हणून डबी त्यांनी माझ्याकडेच ठेवली होती आणि हाताशी चार दिवस होते. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि प्रिंटर दुरुस्त करत बसले.

श्रेयाच्या न्यायासाठी केलं, असं सांगितलं तर बरं दिसेल. खरं वेगळंच आहे. माझा नवरा उजैर तापानं गेला तेव्हा माझ्या सासूनं जनाज्याला आलेल्या बायकांत मला मनहूस, अपशकुनी म्हटलं होतं. तिला काही परत करायचं माझं राहूनच गेलं, ती मेली. द्वारकाबाई आयत्या समोर आल्या.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्या एकट्या आल्या, एसटीनं. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं नवऱ्याला सांगून. स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"म्याच म्हणलं व्हतं तिला. फोन लाव त्याला, येताना दौलताबादचे पेरू आण म्हणावं. ती म्हणली, गाडीवर असतील, जरा येळानं लावते. म्या म्हणलं, एवढं बी ऐकाया येत नाय व्हय गं? मंग लावला तिनं." नाक पुसून त्या म्हणाल्या, "बोलले मी. आता लाव तिला फोन."

मी लावला. त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, रडत. श्रेयानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मामा आहेत का तिथं?" तिनं विचारलं.

"नाय गं."

"मग उद्या पंगत बसंल. भावकी असंल, गाव असंल. तिथं उभं राहून बोला अन् तिथूनच फोन करा. वही हातात घेऊन बसते."

"अगं, मला जगू द्यायचे नाय ते!"

"मी जगलेच की," श्रेया म्हणाली. फोन बंद झाला.

मी ड्रॉवरमधून डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पुसली आणि कानाला लावली. माझ्यादेखत, भर दुपारी, गिऱ्हाईक उभं असताना. चांगलं मिनिटभर तशाच राहिल्या. मला कीव आली, आणि तरीही मी प्रोग्रॅमबद्दल तोंड उघडलं नाही.

"हिला चार्जिंग करावं लागतं का?" त्यांनी विचारलं. म्हणजे पंगतीत बोलायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. डबी नुसती जपायची होती.

अशी चिप वीज न मिळता पडून राहिली, की काही वर्षांनी आतलं हळूहळू पुसट व्हायला लागतं. अधूनमधून जोडून जागी ठेवावी लागते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगते.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "कपाटात ठेवा. काही होत नाही तिला."

त्यांनी डबी पदराच्या गाठीत बांधली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि एसटी स्टँडचा रस्ता विचारून निघून गेल्या.