अंथरुणाचा नियम

कोरोना आला तसा सरकारात बसून तुम्ही बाजाराला नियम लावला, लग्नाला लावला, मयतीला लावला. अंथरुणाचं नाव मात्र तोंडातून काढलं नाही. लाज वाटली साहेब तुम्हाला, अन् ती भोगली बजाजनगरातल्या आवडानं.

आवडाला लहानपणापासून दमा. नवरा कडूबा कंपनीत. त्याच्या शेजारी काम करणारा गडी कोरोनाचा निघाला. तुमच्या माणसांनी कडूबाला गोळ्या दिल्या, "घरात वेगळं राहा" म्हणाले अन् गेले. खोली एक. मधे साडीचा पडदा, पलीकडं सासू दगडाबाई.

दुपारी सासू नळावर गेली की कडूबा जवळ सरकायचा.

"मास्क लावतो की!"

"दरोडा घालाया आलेत का?" ती हसत टाळायची.

तिनं तुमच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. "मला दमा हाय. नवऱ्यापाशी निजावं का नाय?" पलीकडं दोघं खिदळले. "बाई, दुसरं काम नाही का?" फोन कट.

मग तिनं सांगून टाकलं, कावळा शिवला. दाराशी पोतं अंथरलं, ताट वेगळं केलं. रोगाला न भिणारा कडूबा चटका बसल्यागत मागं सरला. पाळी आलेल्या बाईला शिवायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. आवडा सुखानं झोपली.

पण कावळा किती दिवस पुरणार? दगडाबाईनं ओळखलं. "तुझा कावळा लईच मुक्कामी आला गं! माझ्या लेकाला दूर ठिवती, कुणासाठी? ऊठ, डोक्यावरून पाणी घे."

आवडा न्हाली. त्या दुपारी सासू मुद्दाम शेजारी जाऊन बसली. आवडा दोनदा नाय म्हणाली. "मी काय परका हाय का?" कडूबा म्हणाला अन् त्यानं दाराला कडी घातली.

आधी त्याला ताप आला, उतरला. मग तिला धाप लागली, ती उतरेना. दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लावली. तुमचा माणूस खाटेपासून लांब उभा राहून विचारत होता, "घरात अंतर का पाळलं नाही?"

आवडा कोपरावर उठली. शब्दाशब्दाला दम लागत होता.

"एका खोलीत... नवऱ्यापासून अंतर... बाईनं कसं पाळायचं? मी विचारलं तवा हसलात. आता हसू नका. उत्तर द्या."

त्या माणसानं तिचा सवाल कागदावर उतरवून घेतला. तो नुसता निरोप्या. उत्तर तुम्ही द्यायचं, साहेब. बोला!