आटे मी नाही मोडले

मी प्लग बोलतोय. गाडीतला, ठिणगी पाडणारा. भोपाळच्या एका घरात 'डुप्लिकेट' म्हणून ज्याचा उद्धार चाललाय, तोच मी. मला भयंकर राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. अंगाला पांढरी चिनीमाती, कमरेला लोखंडी आटे, टोकाला बारीकशी फट. त्या फटीत ठिणगी पाडायची, एवढंच माझं काम, आणि ते मला चोख येतं. बिट्टन मार्केटमधून वंदनाताईंनी आम्हा चौघा भावांना घरी आणलं. डबीवरचं नाव, गाडीचं मॉडेल, सगळं दोनदा ताडून बघितलं. शाळेत गणित शिकवणारी बाई ती; डोळे झाकून काही घेत नाही.

रविवारी त्यांच्या नवऱ्याने, अच्युतरावांनी, बॉनेट उघडलं. हे गृहस्थ बावीस वर्षं मंडीदीपच्या कारखान्यात हातभर लांबीचे बोल्ट आवळतात. अंगातलं सगळं बळ लावायचं आणि वर एक झटका द्यायचा, ही त्यांची रीत.

वंदनाताई डबीतला कागद वाचत होत्या. "अहो, आधी नुसत्या हाताने फिरवायचा म्हणे. मग पान्याने अर्धाच फेरा."

"अगं, आता तू मला आवळायला शिकवणार?"

तिघे भाऊ नशिबाने सरळ बसले. मी वाकडा लागलो. मी अडत होतो, करकरत होतो. समजणाऱ्याला तेवढं पुरे. पण यांनी पान्यावर उभं राहायचंच काय ते बाकी ठेवलं. मी बसतो ती इंजिनातली जागा मऊ अ‍ॅल्युमिनियमची. तिथले आटे सोलून निघाले आणि हे कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "आता हलून दाखव म्हणावं!"

मंगळवारी यांच्या आईचं, निर्मलाबाईंचं, डायलिसिस होतं. गाडीत मायलेकच होते. मिसरोद ओलांडलं आणि मी फटाक् करून जागेवरून उडालो. गाडी बंद. कुणाला बोलवायचं सोडून अच्युतराव तासभर स्वतःच खटपट करत बसले आणि म्हातारी आत उन्हाने भाजत राहिली. शेवटी वंदनाताई शाळेतून ऑटो घेऊन आल्या, सासूबाईंना घेऊन गेल्या. तोवर पाळी हुकली होती. उद्या या, असं सांगून दोघींना परत पाठवलं.

मागाहून दिलीप मेकॅनिक आला. त्याने मला फिरवून बघितलं. "प्लग तो एकदम सही है, साहब. चूड़ी आपने मारी है."

चूड़ी म्हणजे आटे. ते ऐकायला तिथे आम्ही दोघेच होतो, अच्युतराव आणि मी.

संध्याकाळी घरी यांनी मला टेबलावर आपटलं. "डुप्लिकेट निघाला!"

निर्मलाबाईंचे पाय सुजून टम्म झाले होते. त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "वंदना, दुकान तरी नीट बघायचंस गं." वंदनाताईंची मान खाली गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि हा माणूस, सगळं माहीत असलेला, चहा पीत राहिला. अरे, लाज कशी वाटत नाही?

आत्ता मी वंदनाताईंच्या हातात आहे. त्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्यात. बोटं ओली आहेत त्यांची, नुकतेच डोळे पुसलेत.

ताई, खुशाल टाका मला. पण आधी एकदा उजेडात धरा. माझ्या आट्यांत चमकदार चुरा अडकलाय. तो माझा नाही, इंजिनाचा आहे. तुम्ही आणलेला प्लग अस्सल होता. मला असंच उचलून सासूबाईंसमोर ठेवा आणि यांना विचारा, "मेकॅनिक काय म्हणाला, ते आईंना सांगा."