चारचा खेळ हाउसफुल

रविवारचे खेळ संपायच्या आत रविवारचा गल्ला जाहीर होतो, हे स्वतः पिक्चर काढेपर्यंत मला माहीत नव्हतं. शुक्रवारचा आकडा खरा, शनिवारचा जवळपास खरा आणि रविवारचा अंदाजपंचे. भर दुपारी देशभरातल्या पहिल्या दहा पिक्चरांची यादी येते, तेव्हा संध्याकाळी बघायला जाणारी माणसं घरी अजून जेवत असतात. आकड्यांत मात्र ती पिक्चर बघून आलेली असतात. त्या यादीत माझा पिक्चर अकरावा होता. दहाच्या यादीत अकरावा म्हणजे काय, ते एका मार्काने नापास झालेल्यालाच कळेल.

पहिला कोण, ते सांगायला नको. त्यातला हीरो एका हाताने हेलिकॉप्टर खाली ओढतो. माझ्या पिक्चरमध्ये दोन माणसं बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बसून भांडतात. तरी माझी अपेक्षा होती. वेड लागल्यासारखी होती.

यादी आली आणि मागोमाग वितरकाचा फोन आला. "मॅडम, देशात आपण आटोपलो," तो म्हणाला. "तुमच्या घराजवळचं एक थिएटर तेवढं शिल्लक आहे. छोटा पडदा. आजचे चारचा आणि सातचा, दोन्ही खेळ बरे गेले तर मॅनेजर आणखी आठवडाभर ठेवेल. नाहीतर आजचा सातचा शेवटचा."

तो एक आठवडा मला हवाच होता. देशासाठी नाही, बाबांसाठी.

बाबांनी उभा जन्म लिफ्टा दुरुस्त केल्या. पिक्चर त्यांच्यावरच आहे, हे मी कधी बोलले नाही, पण लिफ्टमधला मेकॅनिक खिशात पान्याशेजारी खडीसाखर ठेवतो, यावरून कुणीही ओळखलं असतं. त्यांना गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले होते, "लिफ्टवाल्यावर पिक्चर? चालू असली तर कुणाचं लक्ष नसतं आणि बंद पडली की शिव्या. यात बघण्यासारखं काय आहे?" गुरुवारी घरच्यांसाठी फुकट खेळ ठेवला. अख्खं खानदान आलं, बाबा आले नाहीत. "फुकट बघणाऱ्याला मत नसतं," म्हणाले. "तिकीट काढून बघेन, मग बोलेन." कधी, तर सवडीने. निवृत्त माणसाला सवड नाही. शुक्रवारी गुडघा दुखत होता, शनिवारी गॅसची शेगडी उघडून बसले. मला वाटायचं, शेगडी फेकून द्यावी आणि यांना खांद्यावर घालून न्यावं.

माझं चुकलं ते इथे, की वितरक जे बोलला ते मी घरच्या ग्रुपवर टाकलं. कुणीतरी चार ओळखीच्यांना सांगावं, एवढाच हेतू. आमच्या ग्रुपवर बाबा नाहीत, पण आत्या आहे. आई गेल्यापासून घरातली सगळी सूत्रं तिच्याकडे. तिने फक्त वर केलेला अंगठा टाकला. आत्या काही न बोलता नुसता अंगठा टाकते तेव्हा सावध व्हायला हवं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

थोड्या वेळाने सहज अॅप उघडलं तर चारच्या खेळाच्या खुर्च्या भराभर लाल होत होत्या. पहिली मागची रांग गेली, मग मधल्या. बघता बघता पाटी आली, हाउसफुल. मग सातचाही भरू लागला. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले, मग रडले, मग तोंड धुऊन चांगली साडी नेसले. आपण लिहिलेल्या वाक्यावर भरलेलं थिएटर हसताना ऐकायचं, यासाठी मी सहा वर्षं लोकांचे उंबरे झिजवले होते.

पोहोचायला थोडा उशीर झाला. आत अंधार होता, पडद्यावर लिफ्ट नुकतीच अडकली होती. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि पहिल्या विनोदाची वाट पाहिली. विनोद आला आणि गेला. कुणीतरी एकच खोकलं. डोळे अंधाराला सरावले तेव्हा मी डोकी मोजली. नऊ. नव्वद खुर्च्यांत नऊ.

मॅनेजर टॉर्च घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. "तुम्हीच का दिग्दर्शिका?" त्याने हळूच विचारलं. "घरच्यांनी घेतली का तिकिटं?"

"कशावरून?"

"अहो, दर महिन्याला कुणाच्या तरी भावाचा नाहीतर भाच्याचा पिक्चर असतोच. तिकिटं संपतात आणि पॉपकॉर्न तसंच राहतं. आमचं पोट तिकिटावर नाही भरत मॅडम, पॉपकॉर्नवर भरतं. आज सात पुड्या गेल्या."

"मग बाहेर आलेल्यांना आत सोडा की," मी म्हणाले. आवाज चढला, पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. माझ्याच पिक्चरमध्ये मला गप्प करत होती.

"विकलेली खुर्ची पुन्हा कशी विकू? ज्याचं तिकीट तो मध्यंतरात आला तर भांडण मीच निस्तरायचं. खिडकीवरनं बरेच लोक परत गेले, तेही सांगतो. वाईट वाटलं मला. चांगला आहे हो पिक्चर. पण उद्यापासून नाही ठेवता येणार. सातचा शेवटचा."

मी बाहेर धावले. खिडकीसमोर कुणी नव्हतं. परत गेलेले समोरच्या मोठ्या थिएटरात हेलिकॉप्टर बघायला गेले असणार. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

घरी पोहोचले तर आत्या, मामा आणि दादा दिवाणखान्यात चहा घेत बसले होते. चेहरे असे, जणू मुलगी पसंत पडली आहे.

"काय गं, भरला ना?" आत्या म्हणाली. "बावीस घेतली मी. कुणाला बोलू नकोस म्हटलं, तिला बरं वाटू दे."

"तू घेतलीस?" दादा तिच्याकडे बघायला लागला. "मी साठेक घेतली. ऑफिसच्या नावावर."

मामाने चहाचा कप खाली ठेवला. "मला चारची मिळेनात, तेव्हाच शंका यायला हवी होती. मग मी सातचा जवळजवळ सगळा उचलला. म्हटलं, आपल्या भाचीचं कार्य आहे, हात आखडता कशाला घ्या."

"आणि बघायला कोण जाणार होतं?" मी विचारलं.

तिघेही एकमेकांकडे बघायला लागले.

"आम्ही पाहिलाय की गुरुवारी," आत्या म्हणाली. "आणि खरं सांगू, एकदा बघितला की कळतो तो."

मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. भीक नको पण कुत्रं आवर, हे नक्की बोलले. खरी माणसं दारातून परत गेली, मॅनेजरला सगळं कळलं, उद्यापासून पिक्चर बंद, आणि हे सगळं तुमच्या मायेपायी, असं ओरडून सांगितलं. सगळ्यात जास्त राग याचा आला की त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तर मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं आणि बाबा आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. शेगडी काल कधीच जोडून झाली होती. चालत आल्याने दमले होते, पण चेहऱ्यावर मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलेलं हसू होतं.

"गेलो होतो," ते खुर्चीत बसत म्हणाले. "खिडकीवरची मुलगी म्हणाली, आजोबा, हाउसफुल. मी म्हटलं, कुठला? लिफ्टचा? तर म्हणाली, हो, लिफ्टचाच."

दादा खिडकीकडे वळला.

"माझ्यामागे एक जोडपं होतं, तेही परत गेलं. मुद्दाम उभा राहून बघत होतो. लिफ्टवाल्याला बघायला लोक येतात आणि जागा मिळत नाही म्हणून परत जातात." ते बूट काढायला वाकले. "मी म्हणायचो, यात बघण्यासारखं काय आहे. चुकलो मी. उद्या जाईन आता, गर्दी ओसरली की. असा पिक्चर काय महिनाभर हलत नाही."

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. सांगू नकोस, असं तिचं म्हणणं होतं. माझ्याही मनात तेच आलं. त्यांच्याजवळ हाउसफुल होतं. मी गप्प बसले असते तर ते त्यांना जन्मभर पुरलं असतं, फक्त पिक्चर बघायचा राहून गेला असता. उद्या काहीतरी थाप मारता आली असती. पण सहा वर्षं मी ते थिएटर भरावं म्हणून झिजले नव्हते, एका माणसाने बघावं म्हणून झिजले होते. हे मला तेव्हा, त्यांच्या एका पायात बूट आणि एका पायात मोजा असताना कळलं, आणि त्याचाही रागच आला.

"बाबा, उद्या नाही आहे," मी म्हणाले. "आज सातचा शेवटचा."

"हाउसफुल पिक्चर उतरवतात?"

"तिकिटं आपल्याच लोकांनी घेतली. आत कुणी नव्हतं."

त्यांनी एकेकाकडे बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. शेवटी ते बहिणीकडे वळले. "किती, छकुली?"

साठीची आत्या पदराशी चाळा करत म्हणाली, "बावीस."

बाबांचं हसू गेलं. मला वाटलं, आता उठून आत जातील आणि दार लावून घेतील. ते उठले, पण बूट पुन्हा पायात घालून.

"सातची कुणाकडे आहेत?"

मामाने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"मग चला. सगळ्यांनी. घेतलेल्या खुर्चीत जाऊन बसायचं."

"आम्ही पाहिलाय," आत्या चाचरत म्हणाली.

"फुकट पाहिलाय," बाबा म्हणाले आणि दाराबाहेर पडले.

सातला आम्ही पाच जण आणि इकडेतिकडे काही अनोळखी माणसं. मॅनेजरने टॉर्चने आम्हाला जागा दाखवल्या, अगदी गंभीर चेहऱ्याने. बाबा मधल्या रांगेत बसले आणि त्यांनी मान वळवून रिकाम्या खुर्च्या नीट पाहून घेतल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

"नवी लिफ्ट बसवली की आम्ही चाचणीला वाळूची पोती चढवायचो," ते म्हणाले. "जेवढी माणसं तेवढं वजन. लिफ्ट वर जाते, खाली येते, कागदावर सगळं ठीक. पण पोतं काही कुठल्या मजल्यावर उतरत नाही."

"हो बाबा."

"म्हणून पहिलं खरं माणूस चढून वर जाईपर्यंत मी घरी जात नसे."

त्यांनी पुढे वाकून मामाच्या खिशात एका तिकिटाचे पैसे कोंबले. मामा नको नको म्हणत होता, त्याला त्यांनी नुसतं हाताने थांबवलं. दिवे गेले. पडद्यावर मेकॅनिकने खिशात हात घालून पान्याशेजारची खडीसाखर काढली. बाबांचा हात आपसूक स्वतःच्या खिशाकडे गेला.

"बाबा, तो जो मेकॅनिक आहे ना," मी सांगायला लागले.

"गप्प बस," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मी तिकीट काढलंय."