वरीलपैकी सर्व

धम्मदिनाने मृणालीच्या स्क्रीनवरचा सातवा प्रश्न पुन्हा वाचला. ‘पुढीलपैकी कोणते उपकरण संगणकात माहिती भरण्यासाठी वापरतात?’ पहिला पर्याय, वरीलपैकी सर्व. त्याखाली कीबोर्ड, माउस, स्कॅनर.

“मॅडम, वरती तर काहीच नाय,” मृणाली हळूच म्हणाली. “मी कीबोर्डला टिक केलं.”

संगणकाने ते चूक धरलं होतं. वीसपैकी सात. आठ मार्कांशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते, आणि फॉर्मची खिडकी पाचला बंद होणार होती. घड्याळात साडेचार.

“बाहेर बस. मी बघते.”

“बाकीच्यांना कळलं, मॅडम. माझंच डोकं चालत नाय.”

चूक कुठे झाली ते धम्मदिनाला तेव्हाच उमगलं. जुन्या छापील संचातले साठ प्रश्न तिने दिवाळीच्या सुट्टीत टाइप केले होते. प्रत्येकाला त्यातले वेगळे वीस यावेत, पर्यायांचा क्रमही संगणकाने बदलावा, अशी सोय तिने केली होती, म्हणजे शेजारच्याचं बघून भागणार नाही. कागदावर कायम तळाला असणारा पर्याय अशाने वर चढेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीस जणांपैकी नऊ जणांना हा प्रश्न आला होता. ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं की डोळे मिटून टिक करायची, हे क्लासमध्ये शिकलेल्या आठ जणांनी तसंच केलं होतं. प्रश्न वाचला होता तो एकट्या मृणालीने.

टेबलापलीकडे विभागप्रमुख मितेश सर तिच्या शिफारशीचा कागद भरत होते. भिवंडीच्या या कॉलेजात २००८ सालीही ऑनलाइन चाचणी म्हणजे नवलच. ‘निर्दोष पार पडली’ एवढं त्या कागदावर आलं, तरच तासिकेवरची तिची नेमणूक पुढच्या वर्षी टिकणार होती.

“सर, प्रश्नात चूक आहे. माझी.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“किती पोरांचं नुकसान?”

“एकीचं.”

“मग द्या की एक मार्क हाताने. वागणुकीचा म्हणून. लिहायचं कशाला? टपून बसलेत लोक, मॅडम. उद्या म्हणतील, ह्या मशिनी काल्हेरच्या गोडाऊनमध्ये खोके मोजायला पाठवा.”

“तिला वाटेल, दया केली.”

“वाटू दे. पास तर होईल.”

धम्मदिनाने कीबोर्ड पुढे ओढला. तिने चाचणीच्या अहवालात टाइप केलं, ‘प्रश्न सदोष. जबाबदारी चाचणी बनवणाऱ्याची. मृणाली म्हात्रे हिचे उत्तर ग्राह्य.’ प्रिंटरमधून आलेल्या कागदावर सही करून तो सरांपुढे ठेवला आणि दार उघडलं.

“आठ झाले तुझे. प्रश्न माझा चुकला होता, तुझं उत्तर नाही. पळ, फॉर्म भर.”

मृणाली क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग जिन्याकडे धावली.

सरांनी अहवाल दोनदा वाचला. शिफारशीवर सही न करताच पेनाला टोपण लावलं, दोन्ही कागद उचलले आणि उठले. दाराबाहेर दुसरी बॅच रांगेत उभी होती. तिच्या पलीकडे प्राचार्यांचं दालन. धम्मदिना खुर्चीत येऊन ताठ बसली.

“अर्धा तास थांबा रे,” दारातूनच सरांचा आवाज आला. “आत काम हाय.”

दार लावून ते परत आले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

“असे प्रश्न अजून किती हायत? पहिल्यापासून वाचा.”